वाचकांचे प्रश्न : तळ्याकाठची वाट आणि डोंगरी सायकल

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरचे सहा जण दर रविवारी डोंगरी सायकली घेऊन म्हैसमाळच्या बाजूला जातो. आता गौताळ्याच्या तलावाला सायकलवर पूर्ण फेरी मारावी आणि तेथून जंगलातल्या पायवाटांनी पितळखोऱ्यापर्यंत जावे, असा बेत आहे. अशी वाट आहे काय आणि तिच्यासाठी परवानगी लागते काय?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : त्या जंगलात वाटा भरपूर आहेत, परंतु त्या गुरांनी, नीलगाईंनी आणि रात्री पाण्यावर येणाऱ्या जनावरांनी पाडलेल्या आहेत, सायकलीसाठी त्यांतली एकही नाही. गौताळा औट्रमघाट हे १९८६ मध्ये घोषित झालेले, सुमारे २६० चौरस किलोमीटरचे अभयारण्य असून ते कन्नड आणि चाळीसगाव या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत पसरलेले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २७ नुसार अभयारण्यात शिरण्यासाठी परवाना लागतो आणि कलम २८ मध्ये तो कोणत्या कामांसाठी देता येतो हे सांगितले आहे. पर्यटन हे त्यांपैकी एक आहे. सार्वजनिक महामार्गावरून नुसते पलीकडे जाणाऱ्याला या अटीतून सूट आहे. म्हणजे कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावला जाणारा सायकलस्वार परवान्याविना जाऊ शकतो, मात्र त्या घाटातली वाहनांची वर्दळ पाहता हा हक्क कोणी बजावावा असे मी सुचवणार नाही. आतल्या तलावाचा रस्ता धरायचा असेल, तर वनविभागाच्या नाक्यावर सायकलीसह नोंद करावी, ठरलेले शुल्क भरावे आणि गाड्यांसाठी जो रस्ता खुला आहे त्यावरूनच जावे. आपल्या बेतातली काठाकाठाची फेरी आणि पितळखोऱ्यापर्यंतच्या पायवाटा या परवान्यात बसत नाहीत. त्या बसवून घेण्याचा खटाटोपही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

असे म्हणण्याचे कारण तलावाच्या काठावरच दिसते. हिवाळा संपत आला, की पाणी मागे सरकते आणि काठाला हातभर रुंदीचा ओलसर गाळाचा पट्टा उघडा पडतो. सकाळी नऊच्या सुमारास गाडी रस्त्यावर उभी करून तो पट्टा लांबून न्याहाळला, तर रात्री कोण कोण येऊन गेले याची हजेरी तेथे मांडलेली असते : डुकरांच्या खुरांची गिचमीड, लांडोरींच्या पायांच्या तीन-तीन रेघा, एखादे वेळी बिबट्याचा गोलसर ठसा. मार्चनंतर डोंगरातले लहान पाणवठे आटतात आणि या हजेरीपटावर गर्दी वाढत जाते. त्या पट्ट्यावरून सहा सायकली गेल्या, तर गाळावर चाकोऱ्या उठतात ही किरकोळ बाब झाली. तहानलेले जनावर पाण्यावर न येता झाडीतच थांबते आणि रात्रीपर्यंत ताटकळते, हे नुकसान मोठे आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जिवाची. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ चालत चालत गौताळ्यात आला आणि २०२४ च्या अखेरीस टिपेश्वरचाच आणखी एक वाघ धाराशिव जिल्ह्यातल्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात पोहोचला. अर्थात माणसाची चाहूल लागताच वाघ आणि बिबट्या बहुधा स्वतःहून बाजूला होतात. सायकलस्वाराने खरे भय बाळगावे ते अस्वलाचे. अस्वलाची नजर बेताची, वारुळ उकरताना किंवा मोहाची फुले वेचताना त्याचे डोके जमिनीत गेलेले, आणि उतारावरून येणारी सायकल आवाज न करता ताशी पंचवीस-तीस किलोमीटरने वळणावर प्रकटते. माणूस आणि अस्वल दोघेही दचकतात आणि दचकलेले अस्वल पळण्याआधी अंगावर येते. यासाठी अभयारण्याच्या बाहेरच्या डोंगरातही मी हँडलला बैलाच्या गळ्यातल्या माळेतले दोन घुंगरू बांधतो. सायकलच्या घंटीला अंगठा लावावा लागतो, घुंगरू खड्ड्यागणिक आपोआप वाजतात. मित्रमंडळी हसतात, पण गुराखी लांबूनच ओळखतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला जंगलालगतच्या वाटेवर न जाणे हा त्याहूनही सोपा उपाय आहे.

पितळखोऱ्याची लेणी पाहायचीच असतील, तर ती वेगळ्या दिवशी सडकेने जाऊन पाहावीत. सायकली वर ठेवून पायऱ्यांनी दरीत उतरावे लागते आणि भिंतीवरची इसवी सनापूर्वीची कोरीव कामे घाईत पाहण्याजोगी नाहीत. कड्याला आग्या मोहोळ लटकलेले दिसले, तर धूर, अत्तर आणि आरडाओरडा या तिन्ही गोष्टी टाळाव्यात.

तळे आणि डोंगर या दोहोंची हौस भागवण्यासाठी आपल्याला इतक्या लांब जाण्याची गरज नाही. खुलताबादहून सुलीभंजनला चढून गेल्यावर पठारावर जे तळे लागते, त्याच्या आसपासच्या मुरमाड गाडीवाटा आणि तेथून म्हैसमाळच्या दिशेने पसरलेले माळ पाहून घ्यावेत. आपण दर रविवारी त्या बाजूला जाता असे लिहिले आहे. डांबरी सडक सोडून पठारावर किती वेळा उतरलात, हे मात्र लिहिलेले नाही.

प्रश्न : माझ्या सायकलच्या चाकात दर फेरीला किमान दोन पंक्चर होतात. टायर बदलले, जाड ट्यूब टाकली, तरी फरक नाही. उपाय सांगावा.
— एक वाचक, अंबड

उत्तर : आपण ज्या गावातून लिहिता, तेथे आपला शत्रू बहुतेक सराटा असणार. सराट्याचे वाळलेले फळ एकदा तळहातावर घेऊन नीट पाहावे. ते पाच भागांत फुटते, प्रत्येक भागाला दोन दणकट काटे असतात आणि तो जमिनीवर कसाही पडला तरी एक काटा आकाशाकडेच राहतो. गेल्या दिवाळीनंतर सुलीभंजनवरून उतरताना पाणी पिण्यासाठी मी एका शेताच्या धुऱ्यावर सायकल जेमतेम दहा मिनिटे टेकवली आणि निघताना मागच्या एका चाकात अकरा सराटे मोजले. घरी येईपर्यंत हवा टिकली, ती केवळ टायर ट्यूबलेस असल्यामुळे आणि त्यात छिद्रे बुजवणारे द्रव्य, म्हणजे सीलंट, असल्यामुळे. काटे उपटले तेव्हा रुईचे पान तोडल्यावर चीक यावा तसे पांढरे थेंब प्रत्येक छिद्रातून आले आणि चाक दोन-चार वेळा फिरवताच थांबले.

तेव्हा पहिला सल्ला असा, की रिम ट्यूबलेससाठी योग्य असेल तर ट्यूब काढून टाकावी आणि प्रत्येक टायरमध्ये सीलंट भरावे. २९ इंची चाकाला साधारण १०० मिलिलिटर पुरते. बाटलीवर काहीही लिहिलेले असो, आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात हे द्रव्य आत वाळून त्याची साय होते. म्हणून उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून काडी बुडवून पाहावी आणि काडी कोरडी निघाली तर पुन्हा भरावे. ट्यूब ठेवणे भागच असेल, तर व्हॉल्व्हचा आतला गाभा निघू शकेल अशी ट्यूब घ्यावी, म्हणजे तिच्यातही सीलंट घालता येते.

बाभळीचा आणि येड्या बाभळीचा काटा ही वेगळी जात आहे. तो लांब असतो, टायरमध्ये घुसून मोडतो आणि टोक आतच राहते. आपण जाड ट्यूब टाकूनही दर वेळी पंक्चर होते, याचे कारण बहुधा हे जुने टोकच असावे : ट्यूब नवी, काटा तोच. टायर काढून आतून बोटे फिरवू नयेत, बोट फाटते. कापसाचा बोळा हलक्या हाताने गोल फिरवावा. जेथे टोक असेल तेथे तंतू अडकतात. कापूस आपल्याकडे कोणाकडे मागायला जावे लागत नाही.

हवा किती भरावी, हाही या प्रश्नाचाच भाग आहे. पुष्कळ जण पंक्चरच्या धास्तीने टायर दगडासारखा कडक करतात. मग तो खडकावर उसळतो आणि पकड सोडतो. सत्तर किलो वजनाच्या स्वाराला २.२ इंच रुंदीच्या ट्यूबलेस टायरमध्ये २५ ते २८ पीएसआय पुरेसे होते. ट्यूब असेल तर ३० च्या वर ठेवावे, कारण त्याहून हवा कमी झाली की दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन छिद्रे पडतात. आणखी एक क्षुल्लक वाटणारी वस्तू खिशात असू द्यावी : महागड्या सायकलींना बारीक, लांब प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो आणि गावच्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्याला बसत नाही. त्यावर लावायची बोटाच्या पेराएवढी पितळी टोपी मिळते. ती जवळ नसल्यामुळे हवेची टाकी समोर गुरगुरत असताना मी सायकल चार किलोमीटर ढकलत नेली आहे.

प्रश्न : पावसाळ्यात तळ्याकाठी हिरवळ असते, तेव्हाच सायकल चालवावीशी वाटते. पण काळ्या रानात चाक फिरत नाही. पाऊस उघडल्यावर किती दिवस थांबावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दिवस मोजू नयेत, वाफसा पाहावा. औत घालण्यापूर्वी शेतकरी जो निकष लावतो, तोच येथे लागू आहे : मुठीत घेतलेल्या मातीचा लाडू होऊन तो बोटाने दाबताच फुटला, तर निघावे, चिकटून राहिला, तर सायकल घरात राहू द्यावी. काळ्या मातीतली चिकण पाण्याने फुगते, टायरवर थर चढतात आणि पन्नास पावलांत चाक फ्रेममध्ये अडकून बसते. अशा वेळी जोर लावून पेडल मारल्यास गिअर बदलणारा मागचा डेरेलर पिळवटून मोडण्याची शक्यता असते. शिवाय ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी उन्हात भाजून विटेसारखी घट्ट होते आणि पुढे महिनाभर त्याच वाटेने जाणाऱ्या बैलांचे आणि माणसांचे पाय मुरगळत राहतात. मुरमाड माळ आणि खडकाळ पठार मात्र एका उन्हात सुकते, त्यामुळे श्रावणात परभणीच्या शिवारात अडकून न पडता डोंगराची वाट धरावी. परभणीला डोंगर लांब पडतो, हे मी जाणतो.

प्रश्न : आमचे गाव बालाघाटाच्या डोंगरात आहे. गावाच्या वर पाझर तलाव आणि त्याभोवती थोडे जंगल आहे. शाळेतल्या मुलांसाठी तळ्याभोवती सायकलची एक साधी वाट करावी, अशी काही तरुणांची इच्छा आहे. ती कशी आखावी आणि कोणाला विचारावे?
— एक वाचक, पाटोदा तालुका

उत्तर : या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी हे पत्र मला सर्वांत आवडले, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

प्रथम विचारणा. जमीन एकाच मालकीची असेल असे गृहीत धरू नये. तलाव आणि त्याचा बांध जिल्हा परिषदेच्या किंवा जलसंधारण विभागाच्या ताब्यात असेल, काही भाग गायरान असेल, काही वनखात्याचा असेल. तलाठ्याकडचा गाव नकाशा उघडून बसावे. त्यात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. जेथे अशी रेषा आहे तेथे वाट आधीपासूनच सर्वांची आहे आणि आपली निम्मी फेरी कदाचित तिच्यावरूनच होईल. वनखात्याच्या जमिनीवर १९८० च्या वनसंवर्धन कायद्यामुळे खोदकाम परस्पर करता येत नाही, तेथे असलेल्या पायवाटेला हातही न लावता जाणे किंवा वनविभागामार्फत रीतसर लेखी परवानगी घेणे, एवढेच दोन मार्ग आहेत. आपले गाव नायगाव मयूर अभयारण्याच्या हद्दीला लागून असेल, तर पहिल्या उत्तरातला अभयारण्याचा कायदाही लागू होतो. गायरानासाठी ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि त्या सभेला शेरडेमेंढरे राखणारी माणसे आवर्जून बोलवावीत, कारण त्या माळाचा सर्वाधिक वापर तीच करतात.

आता आखणी. आपल्याकडचे अनेक पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांतून झाले, आणि त्यांचे काम एकच आहे : पाणी अडवून ते जमिनीत मुरवणे, म्हणजे खालच्या विहिरींना पाझर फुटतो. आपली वाट चुकली, तर पहिल्या दोन पावसाळ्यांत तिची घळ होईल आणि तिची माती गाळ होऊन त्याच तळ्यात जाऊन बसेल. म्हणून वाट उतारावरून सरळ खाली कधीही काढू नये. जगभरात सायकलवाटा बांधणारी माणसे दोन ठोकताळे पाळतात. वाटेची सरासरी चढण १० टक्क्यांच्या आत, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटरहून अधिक चढायचे नाही. आणि ज्या डोंगरउतारावर वाट आहे त्या उताराच्या निम्म्याहून ती अधिक तीव्र असता कामा नये. माळ १२ टक्क्यांनी उतरत असेल, तर वाट ६ टक्क्यांच्या आतच हवी. अन्यथा पाणी वाट ओलांडून न जाता वाटेनेच पळू लागते.

हे मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाणलोटाच्या कामात सलग समतल चर आखताना वापरलेली ए-फ्रेम आपल्या गावात एखाद्या घराच्या मागे पडलेली सापडेल. दोन बांबू, मध्ये आडवी काठी आणि शेंड्याला दोरीने बांधलेला दगड, बस्स. दोन पायांमधले अंतर २ मीटर ठेवावे. दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली, की दोन्ही पाय एका पातळीत आहेत. आता एका पायाखाली १० सेंटिमीटरचा ठोकळा बांधावा आणि दोरी पुन्हा मध्यखुणेवर येईपर्यंत तो पाय सरकवत जावे. तेथली जमीन नेमकी ५ टक्क्यांनी खाली आहे. तेथे चुन्याची खूण करावी आणि पुढे जावे. समतल चर आखलेल्या माणसाला हे शिकवावे लागणार नाही. चर पाणी थांबवण्यासाठी होता, ही वाट पाण्याला पलीकडे जाऊ देण्यासाठी आहे, एवढाच फरक त्याला सांगावा.

वाट दोन-तीन फूट रुंद पुरते. तिचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित, साधारण ५ टक्के, कललेला ठेवावा म्हणजे पाणी पातळ पसरून उतरते. दर वीस-तीस पावलांवर वाटेला एक हलकीशी लवण द्यावी : थोडे उतरणे, थोडे चढणे. पाणी त्या खोलगट जागी वाटेबाहेर पडते, आणि मुलांना तर तेवढ्यासाठीच सायकल चालवायची असते. वळणांवर मोठी झुडपे ठेवू नयेत, समोरून कोण येते ते दिसले पाहिजे.

बांधाच्या बाबतीत मात्र कडक राहावे. त्याच्या दोन्ही उतारांवर सायकल घालू नये आणि पाण्याच्या बाजूचे दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, एकाही जागी हलवू नये. मातीच्या बांधावर चाकाने पडलेली बारीक घळ पुढच्या पावसात हातभर होते. सांडवा कोरडा असेल तेव्हाच ओलांडावा. माथ्यावरून जायचे झाल्यास आधी खात्याला विचारावे.

मुलांच्या डोक्यावर हेल्मेट असावे, याबद्दल चर्चा नको. आणि पहिल्या वर्षी सबंध फेरी पूर्ण करण्याची घाई करू नये. दोनशे मीटर करून एक पावसाळा तिच्यावरून जाऊ द्यावा, भर पावसात छत्री घेऊन तेथे उभे राहावे आणि पाणी कोठे साचते, कोठे धावते ते डोळ्यांनी पाहून मग पुढचे दोनशे मीटर आखावेत.

प्रश्न : मुलासाठी दोन्ही बाजूंना स्प्रिंग असलेली, जाड टायरची स्वस्त सायकल घेतली आहे. ती डोंगरात चालेल काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : गाडीवाटेवर चालेल, खडकाळ उतारावर नाही. त्या किमतीतल्या मागच्या स्प्रिंगने झटका फारसा कमी होत नाही, वजन मात्र वाढते आणि चढावर पेडलचा निम्मा जोर ती खाऊन टाकते. पुढची सायकल घेताना मागे स्प्रिंग नसलेली, बरे डिस्क ब्रेक असलेली आणि मुलाच्या उंचीला बसणारी घ्यावी. ‘वाढत्या अंगाची’ सायकल घेण्याची आपली जुनी सवय कपड्यांपुरती ठेवलेली बरी.

प्रश्न : माळावर मेंढपाळांची कुत्री सायकलमागे धावतात. एकदा मेंढरेही उधळली आणि बोलाचाली झाली. अशा वेळी काय करावे?
— एक वाचक, तुळजापूर

उत्तर : कुत्रे धावते ते सायकल पळते म्हणून. उतरावे, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरावी आणि चालू लागावे. पायी चालणाऱ्या माणसात त्याला फारसा रस राहत नाही. दगड उचलू नये. ते कुत्रे त्याच्या कामावर आहे, लांडग्याशी त्याची रोजची गाठ असते.

मेंढरे उधळली ही चूक मात्र आपल्याकडे येते, असे मला वाटते. कळप दिसला, की शंभर पावलांवरच थांबावे आणि हाक द्यावी : “मामा, कोणीकडून जाऊ?” मेंढपाळ हाताने बाजू दाखवतो आणि बहुधा ती आपल्या मनातल्या बाजूच्या उलट असते, कारण कळप कोणीकडे वळणार हे त्यालाच माहीत असते. कळपातून मध्ये वाट काढू नये, वाऱ्याच्या दिशेने मागून येऊ नये. पिल्ले झाल्याच्या दिवसांत वाघर, म्हणजे जाळ्याचे कुंपण, लावलेली दिसली, तर त्या बाजूला जाऊच नये. आपली त्या मेंढपाळाशी बोलाचाली झालेली आहे, तर पुढच्या खेपेला तोच भेटेल तेव्हा सायकल आडवी टाकून त्याच्याजवळ बसावे आणि पलीकडच्या तळ्यात पाणी किती उरले आहे ते विचारावे. त्या माळावरच्या साऱ्या वाटा त्याच्या तोंडपाठ असतात.